संकटाची हाक खोटी नसावी

संकटात सापडलेल्या माणसाने हाक मारावी आणि ती ज्याच्या कानी पडेल त्याने हातातले काम टाकून धावून जावे, ही आपल्या ग्रामजीवनाची जुनी रीत आहे. रात्री-अपरात्री एखाद्या वस्तीवरून ओरडा ऐकू आला, तर तो कोणी व कशासाठी केला याची चौकशी मागाहून होते. आधी कंदील-काठ्या घेऊन माणसे घराबाहेर पडतात. गावच्या पाटलाची आणि जागल्याची व्यवस्था याच विश्वासावर उभी होती. आज हाकेची जागा दूरध्वनीने घेतली आहे आणि जागल्याचे काम शासनाची सुसज्ज यंत्रणा करीत आहे. साधने बदलली, तरी पाया तोच आहे. हाक मारणारा खरे बोलत आहे, असे प्रथम गृहीत धरल्याखेरीज ही यंत्रणा एक पाऊलही पुढे टाकू शकत नाही.

या विश्वासाचा गैरफायदा घेण्याचे प्रकार अलीकडे जगभर वाढले आहेत. अमक्याच्या घरात दरोडेखोर लपले आहेत, तमक्याच्या घरी शस्त्रसाठा आहे, एखाद्या घरात खून पडला असून आणखी माणसे ओलीस धरली आहेत, अशी धादांत खोटी वर्दी देऊन सशस्त्र पोलिसांना निरपराध कुटुंबाच्या दारात पाठविले जाते. कोणी हे वैरापोटी करतो, कोणी केवळ गंमत म्हणून. या प्रकाराचे स्वरूप काय, त्यातून कोणते धोके संभवतात, कायदा काय सांगतो आणि अहिल्यानगरसारख्या विस्तीर्ण जिल्ह्यात अधिकारी, शिक्षक व पंचायत सदस्य त्याबाबत काय करू शकतात, याचा विचार येथे केला आहे.

एकशे बारा क्रमांकाची कार्यपद्धती

आणीबाणीच्या प्रसंगी कोणालाही सहज आठवेल असा एकच क्रमांक असावा, ही कल्पना प्रथम लंडन शहरात ३० जून १९३७ रोजी ९९९ या क्रमांकाच्या रूपाने प्रत्यक्षात आली. अमेरिकेत ९११ या क्रमांकावरील पहिला दूरध्वनी १६ फेब्रुवारी १९६८ रोजी अलाबामा राज्यातील हेलीव्हिल या लहानशा गावी झाला. भारतात पोलिसांसाठी १०० आणि अग्निशमनासाठी १०१ असे वेगवेगळे क्रमांक दीर्घकाळ प्रचलित होते. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २०१५ साली ११२ या एकाच क्रमांकाची शिफारस केली. हिमाचल प्रदेशात नोव्हेंबर २०१८ मध्ये ही सेवा सुरू झाली आणि महाराष्ट्रात ती २०२१ पासून कार्यरत आहे.

आपल्या राज्यात ११२ क्रमांकावर केलेला दूरध्वनी प्रथम नवी मुंबई किंवा नागपूर येथील केंद्रात घेतला जातो. तेथील कर्मचारी हाक देणाऱ्याचे नाव, ठिकाण आणि अडचण नोंदवून घेतो. भ्रमणध्वनीच्या मनोऱ्यांच्या आधारे ठिकाणाचा अंदाजही यंत्रावर दिसतो. ही माहिती संबंधित जिल्ह्याच्या पोलीस नियंत्रण कक्षाकडे जाते आणि तेथून जवळच्या पोलीस वाहनातील संचावर पाठविली जाते. या साखळीतील प्रत्येक कडीला मिळणारा वेळ काही मिनिटांचाच असतो. त्या मिनिटांत हाक खरी की खोटी याचा निवाडा करता येत नाही, आणि करूही नये. नदीला पूर आला असता किंवा दरोडेखोर दारावर धडका देत असता पुरावे मागत बसणे परवडणारे नाही. म्हणजेच ही व्यवस्था हाकेवर विश्वास ठेवते ती भोळेपणाने नव्हे, तर समजून-उमजून. खोटी वर्दी देणारा नेमका याच ठिकाणी घाव घालतो.

विचिटा येथील घटना

अशा खोट्या वर्दीचा परिणाम किती भयंकर होऊ शकतो, हे अमेरिकेतील कॅन्सस राज्यातल्या विचिटा शहरात २८ डिसेंबर २०१७ रोजी घडलेल्या घटनेवरून ध्यानी येते. संगणकावरील एका खेळात अवघ्या दीड डॉलरच्या पैजेवरून दोघा खेळाडूंचे भांडण झाले. त्यांपैकी एकाने लॉस एंजेलिस येथील एका तरुणाला, प्रतिस्पर्ध्याच्या घरी पोलीस पाठविण्यास सांगितले. प्रतिस्पर्ध्याने मात्र आपला जुना पत्ता दिला होता आणि त्या घरात आता दुसरेच कुटुंब राहत होते. लॉस एंजेलिसच्या तरुणाने शेकडो मैलांवरून दूरध्वनी करून सांगितले, की मी माझ्या वडिलांना गोळी घातली आहे आणि घरच्या माणसांना ओलीस धरले आहे. पोलिसांनी घराला वेढा दिला. बाहेर काय गडबड आहे हे पाहण्यासाठी २८ वर्षांचा एक गृहस्थ दारात आला आणि पोलिसाची गोळी लागून जागीच कोसळला. त्या खेळाशी किंवा त्या भांडणाशी त्याचा काडीचाही संबंध नव्हता. खोटी वर्दी देणाऱ्यास मार्च २०१९ मध्ये २० वर्षांच्या कारावासाची शिक्षा झाली.

या घटनेतील एक बारकावा कार्यालयांत काम करणाऱ्या सर्वांनी लक्षात ठेवण्यासारखा आहे. त्या तरुणाने थेट आणीबाणीच्या क्रमांकावर दूरध्वनी केला नव्हता. त्याने नगरभवनातील क्रमांकावर बोलून आपले म्हणणे तेथून पोलिसांपर्यंत पोहोचविले. त्यामुळे ही हाक गावातून आलेली नसून दूरच्या राज्यातून आलेली आहे, हे पुढच्या माणसाला कळले नाही. मधल्या कार्यालयातून पुढे दिलेला निरोप आपला उगम गमावून बसतो. तहसील, पंचायत समिती, ग्रामपंचायत किंवा शाळा यांच्या दूरध्वनीवर अशी वर्दी आली, तर तिच्यासोबत दूरध्वनीचा क्रमांक, वेळ आणि बोलणाऱ्याचे नेमके शब्द टिपून पोलिसांना देणे म्हणूनच अगत्याचे आहे.

अमेरिकेत विशेष शस्त्रे व डावपेच यांत तरबेज असलेल्या पोलीस पथकास ‘स्वॅट’ म्हणतात. त्यावरून असे पथक कोणाच्या तरी घरी खोटेपणाने पाठविण्याच्या प्रकारास ‘स्वॅटिंग’ हे नाव पडले. मराठीत त्यास ‘खोट्या वर्दीने घरावर पोलीस घालणे’ असे सरळ म्हणता येईल.

आपल्याकडील स्वरूप

हे सारे दूरदेशी घडते, आपल्याकडे त्याची भीती नाही, असे समजण्याचे कारण नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये अनंत चतुर्दशीच्या तोंडावर मुंबई वाहतूक पोलिसांना भ्रमणध्वनीवर एक संदेश आला. शहरातील ३४ वाहनांत मानवी बॉम्ब आणि ४०० किलो स्फोटके ठेवली असल्याचा दावा त्यात होता. गणेश विसर्जनाच्या बंदोबस्तात आधीच गुंतलेल्या पोलीस दलाला या धमकीचाही शोध घ्यावा लागला. संदेश पाठविणाऱ्यास उत्तर प्रदेशातील नोएडा येथून अटक करण्यात आली. एका परिचितावर सूड उगविण्यासाठी, त्याला गुन्ह्यात गोवण्याच्या हेतूने त्याने हा उद्योग केला, असे तपासात निष्पन्न झाल्याचे वृत्त होते. आपल्या जिल्ह्यातही मे २०२५ मध्ये शिर्डीच्या श्रीसाईबाबा संस्थानला मंदिर उडवून देण्याची धमकी ई-मेलद्वारे आली आणि सुरक्षा यंत्रणेला कडक तपासणी करावी लागली. मंदिर किंवा महानगर यांना आलेल्या धमकीचा गाजावाजा होतो. एखाद्या वाडीवरील घराच्या बाबतीत तसे झाले, तर त्याची बातमी सहसा तालुक्याबाहेर जात नाही. पण त्या घरातील माणसांना बसणारा धक्का लहान नसतो.

खेड्यातील खोट्या वर्दीची कारणे आपल्या परिचयाचीच असतात. बांधाचा वाद, पाण्याच्या पाळीवरून झालेली बाचाबाची, भाऊबंदकी, ग्रामपंचायतीच्या निवडणुकीतील पराभव, सोयरिकीतून आलेला दुरावा अशा निमित्तांनी मनात धुमसणारा राग एका दूरध्वनीत उतरतो. पूर्वी निनावी अर्ज लिहिण्यास निदान कागद-पाकीट लागे, आणि टपालाने तो पोहोचेपर्यंत राग निवळण्यास अवसर मिळे. आता खिशातल्या यंत्राची तीन बटणे दाबली, की काम होते. यात भर पडते ती दारूच्या नशेत केलेल्या दूरध्वनींची आणि मुलांच्या खोडसाळपणाची.

खोट्या वर्दीचा भार सर्वांवर सारखा पडत नाही, हेही ध्यानात घेतले पाहिजे. १८७१ साली ब्रिटिश सरकारने कायदा करून अनेक भटक्या जमातींवर जन्मतः गुन्हेगार असल्याचा शिक्का मारला. स्वतंत्र भारताने ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द केला. तथापि कागदावरून पुसलेला शिक्का लोकांच्या मनातून तितक्या सहजपणे पुसला गेला नाही. श्रीगोंदे, कर्जत, जामखेड या भागांत पारधी कुटुंबांच्या वस्त्या आहेत. ‘त्या पालांवर परकी माणसे जमली आहेत, दरोड्याची तयारी दिसते’, एवढे वाक्य अशा वस्तीवर रात्री पोलिसांची धाड पडण्यास पुरेसे ठरू शकते. प्रतिष्ठिताच्या घराविषयी तीच वर्दी आली, तर ऐकणारा दोनदा विचार करील. वर्दीची पडताळणी ज्याचे घर दुबळे, त्याच्यासाठी अधिक काटेकोर असावयास हवी, ती या कारणाने.

आणि पोलीस येण्याचीही वाट न पाहता जमावच जेव्हा पथक बनतो, तेव्हा काय होते, याचे दारुण उदाहरण शेजारच्याच खानदेशात घडले आहे. धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे १ जुलै २०१८ रोजी, मुले पळविणारी टोळी आल्याच्या अफवेवरून, नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठार मारले. ती माणसे सोलापूर जिल्ह्यातून पोट भरण्यासाठी आली होती. खोटी वर्दी आणि अफवा यांचे कूळ एकच आहे. फरक इतकाच, की पहिलीत पोलीस धावतात आणि दुसरीत गाव.

आपल्या जिल्ह्याच्या अनेक गावांत ग्राम सुरक्षा यंत्रणा सुरू आहे. एका निःशुल्क क्रमांकावर बोललेला संदेश परिसरातील नोंदणी केलेल्या भ्रमणध्वनींवर एकाच वेळी ऐकू जातो. चोरी, आग, पूर, बिबट्याचा वावर अशा प्रसंगी या यंत्रणेचा उपयोग मोठा आहे. परंतु मध्यरात्री शेकडो घरांत एकदम वाजणारा संदेश जर खोटा निघाला, तर हातात काठ्या घेऊन बाहेर पडलेली माणसे वाटेने जाणाऱ्या एखाद्या अनोळखी प्रवाशावरही तुटून पडू शकतात. साधन जितके प्रभावी, तितकी ते वापरणाऱ्याची जबाबदारी मोठी.

अंतराचे गणित

खोट्या वर्दीमुळे ज्या घरावर पोलीस जातात त्या घराची हानी होते, हे उघड आहे. परंतु हानी होणारे दुसरेही एक घर असते. ते म्हणजे, ज्याला त्याच वेळी पोलीस हवे होते पण मिळू शकले नाहीत, ते घर.

अहिल्यानगर हा क्षेत्रफळाने राज्यातील सर्वांत मोठा जिल्हा आहे. १७,०४८ चौरस किलोमीटरचा हा प्रदेश १४ तालुक्यांत विभागलेला असून २०११ च्या जनगणनेनुसार त्याची लोकसंख्या ४५ लाखांहून अधिक होती. पश्चिमेस अकोले तालुक्यात कळसूबाई व हरिश्चंद्रगडाचा डोंगराळ मुलूख, उत्तरेस गोदावरी-प्रवरेच्या खोऱ्यातील उसाचा पट्टा, तर दक्षिणेस कर्जत-जामखेडचे अवर्षणग्रस्त माळरान, अशी त्याची रचना आहे. शेतकरी मोठ्या संख्येने गावठाण सोडून मळ्यात व वस्तीवर राहतात. अशा ठिकाणी पोलीस पोहोचणे हा केवळ तत्परतेचा प्रश्न नसून रस्त्याचा आणि अंतराचाही प्रश्न असतो.

एक साधा हिशेब करून पाहावा. ठाण्यापासून २५ किलोमीटरवरील वस्तीवर दरोडा पडल्याची खोटी वर्दी रात्री १ वाजता आली, असे समजू. ग्रामीण रस्त्याने ताशी ४० किलोमीटर वेगाने वाहनास पोहोचण्यास सुमारे ३८ मिनिटे लागतील. घराची पाहणी, शेजाऱ्यांची विचारपूस आणि नोंदी यांत पाऊण तास जाईल. परतीस पुन्हा ३८ मिनिटे. म्हणजे ते वाहन दोन तास अडकून पडले. या दोन तासांत विरुद्ध दिशेच्या २० किलोमीटरवरील गावातून एखाद्या मारहाण होत असलेल्या स्त्रीने हाक दिली, तर एरव्ही अर्ध्या तासात येणारी मदत तिला तासाभराहून अधिक काळ मिळणार नाही. खोटी वर्दी देणाऱ्याला ती स्त्री कधी दिसत नाही. म्हणून आपण कोणाचे नुकसान केले, याची त्याला जाणीवही होत नाही.

पडताळणीचे मार्ग

मग पोलिसांनी काय करावे? प्रत्येक हाकेवर संशय घेतला, तर खरा संकटग्रस्त वाऱ्यावर पडतो. प्रत्येक हाकेवर शस्त्र सरसावून घरात घुसले, तर विचिटासारखे अनर्थ ओढवतात. यावरील उत्तर एकच आहे. निघण्यात विलंब करू नये, मात्र वाटेवर असताना पडताळणी चालू ठेवावी आणि दारात पोहोचल्यावर घाई करू नये.

वाहन निघाल्यानंतर हाक देणाऱ्याच्या क्रमांकावर पुन्हा दूरध्वनी करता येतो. त्याने सांगितलेले ठिकाण आणि यंत्रावर दिसणारे ठिकाण जुळते का, हे पाहता येते. वस्तीवर दरोडा पडल्याचे सांगणारा माणूस प्रत्यक्षात दुसऱ्या तालुक्यातून बोलत असेल, तर त्याला ही माहिती कशी मिळाली, हे विचारलेच पाहिजे. सर्वांत उपयोगी साधन मात्र गावातच असते. महाराष्ट्र ग्रामपोलीस अधिनियम, १९६७ अन्वये नेमलेला पोलीस पाटील, तसेच सरपंच आणि ग्रामसुरक्षा दलाचे सदस्य यांना विचारल्यास ‘त्या घरी काल साखरपुडा झाला, म्हणून पाहुणे जमले आहेत’ अशी साधी हकिकत दोन मिनिटांत कळू शकते. अर्थात, ज्याला विचारावयाचे त्याचेच त्या घराशी वैर नाही ना, हे बीट अंमलदाराला ठाऊक असले पाहिजे. एकाऐवजी दोघांना विचारण्याची सवय त्यासाठी चांगली.

घराच्या झडतीबाबत कायद्याने काही मर्यादा घातल्या आहेत. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ ही १ जुलै २०२४ पासून अमलात आली. तिच्या कलम १८५ नुसार तपासादरम्यान वॉरंटाविना झडती घेणाऱ्या अधिकाऱ्याने त्याची कारणे लेखी नोंदविली पाहिजेत. कलम १०३ नुसार त्या परिसरातील दोन किंवा अधिक स्वतंत्र व प्रतिष्ठित रहिवाशांना पंच म्हणून बोलवावे लागते. स्त्रीच्या अंगझडतीसाठी स्त्रीच लागते, आणि तीही शालीनतेचा पूर्ण मान राखूनच घ्यावी लागते. कलम १०५ नुसार झडती व जप्तीचे ध्वनिचित्रमुद्रण करणे बंधनकारक आहे. पंचायत सदस्यांना व शिक्षकांना पंच म्हणून बोलाविण्याचे प्रसंग वारंवार येतात. अशा वेळी केवळ सही करून मोकळे न होता, जे प्रत्यक्ष पाहिले तेच पंचनाम्यात आले आहे ना, हे पाहणे हे त्यांचे कर्तव्य होय.

कायदा काय सांगतो

भारतीय न्याय संहिता, २०२३ हीसुद्धा १ जुलै २०२४ पासून लागू झाली. तिच्या कलम २१७ नुसार, लोकसेवकाने आपल्या अधिकाराचा वापर दुसऱ्याच्या हानीसाठी किंवा त्रासासाठी करावा या उद्देशाने, खोटी असल्याचे माहीत असलेली माहिती देणाऱ्यास एक वर्षापर्यंत कारावास, दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. जुन्या दंड संहितेच्या कलम १८२ मध्ये हीच मर्यादा सहा महिने व एक हजार रुपये एवढी होती. या कलमाखाली दिलेले एक उदाहरण गावकऱ्यांच्या दृष्टीने बोलके आहे. एखाद्याने अमक्या गावाजवळ आपल्याला मारहाण करून लुटले, अशी खोटी खबर पोलिसांना दिली, कोणाचेही नाव घेतले नाही, परंतु त्यामुळे पोलीस त्या गावात चौकशी व झडत्या करतील आणि गावकऱ्यांना त्रास होईल हे त्याला ठाऊक होते, तर तोही या कलमाखाली अपराधी ठरतो. म्हणजे एका घराचेच नव्हे, तर साऱ्या गावाचे स्वास्थ्य कायद्याने जपले आहे.

प्रसंगानुसार अन्य कलमेही लागू होतात. कोणावर हानीच्या हेतूने गुन्ह्याचा खोटा आरोप केल्यास कलम २४८ नुसार पाच वर्षांपर्यंत, आणि आरोप अतिगंभीर गुन्ह्याचा असल्यास दहा वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. लोकांत घबराट पसरविण्याच्या हेतूने अफवा पसरविल्यास कलम ३५३ नुसार तीन वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद आहे. नाव लपवून धमकी दिल्यास कलम ३५१ नुसार मूळ शिक्षेखेरीज आणखी दोन वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो.

येथे अधिकाऱ्यांनी एक तांत्रिक बाब ध्यानात ठेवावी. कलम २१७ च्या गुन्ह्याची दखल न्यायालय केवळ संबंधित लोकसेवकाच्या किंवा त्याच्या वरिष्ठाच्या लेखी तक्रारीवरूनच घेऊ शकते. ज्याच्या घरावर पोलीस गेले, तो नागरिक या कलमाखाली स्वतः न्यायालयात थेट फिर्याद करू शकत नाही. शिवाय एक वर्षापर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यास एक वर्षाची मुदत असते. अधिकाऱ्याने ‘हाक खोटी निघाली’ एवढीच नोंद ठाणे दैनंदिनीत करून प्रकरण मिटविले, तर त्या कुटुंबाला या कलमाचा आधारच राहत नाही. म्हणून अशी तक्रार वेळेत दाखल करणे हे पीडित कुटुंबाचे देणे समजावे.

चूक वेगळी, खोटेपणा वेगळा

शिक्षेची चर्चा करताना एक काळजी घेतली पाहिजे. कायदा शिक्षा करतो ती जाणूनबुजून दिलेल्या खोट्या माहितीला. चुकीच्या समजुतीला तो शिक्षा करीत नाही. शेतातल्या घरात उजेड दिसला, चोर असावेत असे वाटून कोणी ११२ ला कळविले आणि ते घरमालकाचेच नातेवाईक निघाले, तर कळविणाऱ्याने अपराध केला नाही. उलट शेजारधर्म पाळला. काही गंभीर गुन्ह्यांची माहिती पोलिसांना देणे हे तर कायद्याने नागरिकाचे कर्तव्यच ठरविले आहे.

त्याचप्रमाणे, मागे घेतलेली हाक ही खोटी हाक नव्हे. घरात मारहाण होत असलेली स्त्री ११२ ला हाक देते आणि पोलीस दारात येईपर्यंत घरची मंडळी तिला गप्प करतात. मग ‘काही नाही साहेब, चुकून लागला’ असे उत्तर मिळते. अशा प्रसंगी खोट्या हाकेची नोंद करून परतणे म्हणजे तिला पुन्हा त्याच हातांत सोपविणे होय. त्या स्त्रीला बाजूला घेऊन, शक्य असल्यास महिला कर्मचाऱ्यामार्फत, एकांतात विचारपूस झाली पाहिजे. खोट्या वर्दीविरुद्धची मोहीम खऱ्या हाकेचा गळा दाबणारी ठरू नये.

गाव आणि शाळा यांचे कर्तव्य

या प्रश्नावर शासनाची यंत्रणा जेवढे करू शकते, त्याहून अधिक गाव करू शकते. ग्रामसभेत वर्षातून एकदा तरी ११२ क्रमांकाचा उपयोग आणि दुरुपयोग यांवर पोलीस अधिकाऱ्यांचे निवेदन व्हावे. प्रत्येक वाडी-वस्तीचे प्रचलित नाव, तेथे जाणारा रस्ता आणि संपर्कासाठी दोन जबाबदार व्यक्तींचे क्रमांक यांची यादी ग्रामपंचायतीने पोलीस ठाण्यास द्यावी व ती अद्ययावत ठेवावी. एकाच नावाच्या दोन वस्त्या असल्या, तर त्यांतील फरक स्पष्ट लिहावा. चुकीच्या घरी पोलीस जाण्याचे प्रसंग यामुळे पुष्कळ टळतील.

शिक्षकांचे कार्य याहून मोलाचे आहे. दिल्लीत १ मे २०२४ रोजी शंभराहून अधिक शाळांना बॉम्बच्या धमकीचे ई-मेल आले आणि हजारो मुलांना वर्गाबाहेर काढावे लागले. पुढे जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीतील काही शाळांना आलेल्या अशाच धमक्यांच्या मागे बारावीतील एक विद्यार्थी असल्याचे पोलिसांनी जाहीर केले. परीक्षा टळावी, हा त्याचा हेतू असल्याचे सांगण्यात आले. अठरा वर्षांखालील मुलाचे प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जाते आणि त्याला सुधारण्याची संधी मिळते, हे योग्यच आहे. परंतु तशी वेळच येऊ नये, यासाठी वर्गात हा विषय समजावून सांगितला पाहिजे. शिक्षेची भीती घालण्यापेक्षा, आपण गंमत म्हणून हाक दिली तेव्हा मदत कोणाची हुकली असेल, हा प्रश्न मुलांना विचारावा. संकटात खरी हाक कशी द्यावी, म्हणजे आधी ठिकाण, मग अडचण, मग आपले नाव सांगून विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे मिळेपर्यंत दूरध्वनी बंद न करणे, याचा सराव त्याच तासाला घेता येईल.

आपल्याच घरी खोट्या वर्दीमुळे पोलीस आले, तर गोंधळून न जाता दिवा लावावा, हात मोकळे व दिसतील असे ठेवावेत, पळू नये, वाद घालू नये. आपले नाव सांगून शेजारी व पोलीस पाटील यांना बोलाविण्याची विनंती करावी. मागाहून पोलीस अधीक्षकांकडे लेखी अर्ज करून वर्दी देणाऱ्याविरुद्ध कारवाईची मागणी करावी.

शेवटची बाब माणुसकीची आहे. पोलीस निघून गेल्यानंतरही ‘पोलीस आले होते म्हणजे काहीतरी असणारच’ ही कुजबुज मागे राहते. मुलीची सोयरीक, मुलाची नोकरी, दुकानाची उधारी यांवर तिची सावली पडते. वर्दी खोटी होती, हे ठाणे अंमलदाराने व सरपंचांनी चारचौघांत स्पष्टपणे सांगितले, तर त्या कुटुंबाची गेलेली पत भरून येण्यास मदत होईल. यास निधी लागत नाही की शासन निर्णय लागत नाही.

संकटकाळी धावून येणारी यंत्रणा ही रस्ता, पाणी किंवा वीज यांसारखीच सर्वांची सामाईक मालमत्ता आहे. विहिरीत कोणी विष कालवू लागला, तर गाव ते सहन करीत नाही. मग मदतीच्या हाकेत खोटेपणा कालवणाऱ्यालाही गावाने तितक्याच ठामपणे अडविले पाहिजे. ते काम पोलीस ठाण्यात नव्हे, तर चावडीवर, शाळेत आणि घराघरांत सुरू होते. तेथे ते झाले, तर मध्यरात्री ११२ वर आलेली हाक ऐकणाऱ्याला क्षणभरही घुटमळावे लागणार नाही.